आभारबाई

फोन ठेवून झाला तरी तिचा हात रिसीव्हरवरच होता. समोर पाकिटं पत्त्यांनुसार रचून ठेवलेली, पंख्याने उडू नयेत म्हणून वर स्टेपलर. सगळं जागच्या जागी होतं. विद्यापीठाला निधी देणारे काटेवाले काका नेहमीसारखंच तोडून तोडून बोलले होते. "अहो बाई, यंदाचं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. आता मला ती मुलगी बघायचीय. गुरुवारी चारला घेऊन या. पुढचं काय ते तिला भेटून ठरवू." आणि ती "हो काका" म्हणाली होती. म्हणाली कसली, तोंडातून निघून गेलं. बावीस वर्षं देणगीदारांना हो म्हणत आलेली तिची जीभ आता तिला विचारायलाही थांबत नसे. गुरुवारी चारला जिला न्यायचं ती मुलगी तर सहा महिन्यांपूर्वीच संशोधन सोडून गेली होती. मग पत्र लिहिलं कुणी? हिनेच. गेल्या आठवड्यात, सगळे घरी गेल्यावर, याच टेबलाशी बसून, इतकं मन लावून की अंधारून आलं तरी दिवा लावायचं सुचलं नव्हतं. खाली त्या मुलीची सहीसुद्धा हिनेच केली होती, आणि ती चांगली वळणदार झाली म्हणून मनातल्या मनात खूशही झाली होती.

विद्यापीठाच्या निधी कक्षात तिचं टेबल खिडकीशी होतं. खिडकीतून सायकलींचा तळ दिसायचा. कक्षाचं काम एका शब्दात सांगायचं तर मागणं. इतर विषयांसाठी मागणं त्या मानाने सोपं असतं. यंत्रं शिकवणाऱ्यांना पैसे द्या, तुमच्या नावाची प्रयोगशाळा उभी राहते. डॉक्टरांना द्या, खाटेखाटेवर तुमच्या आईवडिलांच्या पाट्या लागतात. पण कुणी पोरगी चार वर्षं गावोगाव फिरून अंगाया गोळा करणार आहे, तिच्या जेवणाखाण्याचं बघा, हे सांगायला तोंड कसं उघडायचं? म्हणून इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान असल्या विषयांचे संशोधक विद्यार्थी वर्षानुवर्षं तिच्या गळ्यात पडत आलेले. ती मागायची. चिवटपणे, हसून, पुन्हा पुन्हा. कुणी दिलं की वर्षअखेरीला विद्यार्थ्याने देणाऱ्याला आभाराचं पत्र लिहायचं अशी पद्धत होती. ती पत्रं तिच्या टेबलावरून जात, म्हणून कक्षात तिला आभारबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण भिंती कुठे एवढ्या जाड होत्या.

विद्यार्थ्यांची पत्रं भयंकर असत. ज्यांना दीडशे वर्षांपूर्वीच्या कवितेतला एकेक शब्द सोलून दाखवता येई त्यांना आभार मानायचे म्हटलं की लेखणीला लकवा मारायचा. "आपल्या उदार साहाय्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी असून." असून काय? पुढे काही नाही. ती आधी नुसते स्वल्पविराम घालायची. मग एखादा शब्द. मग एखादं वाक्य इकडचं तिकडे. पुढे पुढे तिच्या लक्षात आलं की विद्यार्थ्याचं पत्र बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर सुरुवात केली तर काम लवकर होतं. लवकर कसलं? एकेका पत्राला आठ आठ दिवस लागत. पण ते आठ दिवस तिला संध्याकाळी खोलीवर परतावंसं वाटत नसे, आणि इतर दिवशीही वाटत नसे खरं, पण त्या आठ दिवसांत न वाटण्याला कारण असे.

काटेवाल्या काकांचा निधी चार वर्षांपूर्वी आला. वजनकाट्यांचा कारखाना चालवून थकलेला, ऐंशी ओलांडलेला एकटा माणूस. आईवडील लहानपणीच गेले, थोरल्या बहिणीने कॉलेज अर्ध्यावर टाकून त्याला वाढवलं, आणि ती गेल्यावर त्याने तिच्या नावाने पैसे दिले. ताईला पुस्तकांचं वेड होतं, म्हणून यंत्रंबिंत्रं नकोत, वाचणारी मुलं हवीत. दर वर्षी तिघांचं विद्यावेतन, चार वर्षांपुरतं, आणि बरं चाललंय असं दिसलं तर कायमचं. ती चार वर्षं या महिन्यात संपत होती. काकांनी नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी या विषयांत एकाही नव्या मुलाला घेता येणार नव्हतं, दुसरा निधीच नव्हता. तिघांच्या वतीने पत्र लिहायची ती अंगायांवर काम करणारी मुलगी. पहिलं पत्र तिने स्वतः लिहिलं. दुसऱ्यात तिची एक ओळ उरली होती. तिसऱ्यावर तिने नुसती सही केली. आणि चौथ्या वर्षी मुलगीच उरली नव्हती.

ती गेली तेव्हा साहेब, म्हणजे कक्षाचे संचालक, म्हणाले होते, तिचं वेतन निधीत परत जमा करा आणि मुदत संपेपर्यंत म्हाताऱ्याला काही कळवू नका. आता काकांच्या फोनचं सांगायला आभारबाई त्यांच्यापुढे उभी राहिली तेव्हा ते मोबाइलवर कसलं तरी वेळापत्रक बघत होते. "मग त्यात काय," ते म्हणाले. "कुणीतरी एक मुलगी न्या. इतिहासातली ती उंच मुलगी आहे ना, बोलायला चटपटीत? तिला पत्रं वाचायला द्या."

"साहेब, ते विचारतील. त्यांना पत्रं पाठ आहेत."

"म्हणूनच तर. पाठ असलेल्या माणसाला बरोबर उत्तरं देणं सोपं." मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "हे बघा, तुम्ही फार गुंतता. तुमचं नाही आहे ते. तीन मुलांचा प्रश्न आहे, एवढंच बघा."

तुमचं नाही आहे ते. बसच्या खिडकीशी बसून ती हे वाक्य चघळत राहिली. खरंच होतं. आणि तरी त्या पत्रांत जे होतं ते दुसऱ्या कुणाचं म्हणायचं? तिचं स्वतःचं संशोधन पंचविसाव्या वर्षी सुरू झालं होतं. जुन्या पुस्तकांच्या समासांत वाचकांनी पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलंय यावर. कुणी लिहिलंय "खोटं", कुणी "अगदी असंच", कुणी नुसती किराणा मालाची यादी. एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात "आज संपवली, कुणाला सांगू" असं होतं, आणि त्या चार शब्दांसाठी आपण सगळा जन्म द्यायला तयार आहोत असं तिला तेव्हा वाटलं होतं. मग आई अंथरुणाला खिळली. भाऊ परगावी, वहिनीचं नवं बाळ. "तू मोकळी आहेस ना," भाऊ म्हणाला, आणि त्यात तो काही वावगं बोलत होता असंही नाही. वर्षभरासाठी म्हणून निधी कक्षात चिकटली. आई सहा वर्षांनी गेली. तोवर तिच्या मार्गदर्शक बाई निवृत्त झालेल्या, टिपणांच्या वह्यांना कसर लागलेली, आणि मोकळी म्हणायला ती अजून मोकळीच होती. भाऊ रविवारी फोन करतो. जेवलीस का, असं विचारतो. तेवढंच विचारतो.

तेव्हा पत्रांत ती काय काय लिहायची याचं नवल नको. तिसऱ्या पत्रात तिने लिहिलं होतं की एक म्हाताऱ्या बाई अंगाई म्हणता म्हणता पहिल्या कडव्यापाशीच थांबल्या. पुढचं येत नाही म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, येणार कसं, पुढच्या कडव्याची कधी वेळच आली नाही, तोवर पोर झोपलेलं असायचं. अशी बाई कुठेही नव्हती. ती बसस्टॉपवर उभी असताना सुचली होती. पण त्या पत्रावर काकांचा पहिल्यांदा फोन आला होता. आवाज बसलेला, दोनदा खाकरले. मग म्हणाले, "मुलीला सांगा, वाचलं म्हणून." त्या दिवशी ती दोन थांबे अलीकडे उतरून चालत घरी गेली होती, गालातल्या गालात हसत, वेड्यासारखी. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतं, ते वाचून कुणाचा तरी आवाज बसतो, हे तिला वयाच्या पन्नाशीला कळत होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

संशोधन सोडून गेलेली मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काउंटरवर एका गृहस्थांना ती आरसा धरून दाखवत होती. हिला बघून तिने भुवया उंचावल्या, गिऱ्हाईक निस्तरलं आणि बाहेर आली. थोडी भरली होती, केस कापले होते. बरी दिसत होती, आणि हे हिला का कोण जाणे जरा लागलं.

"मॅडम! चष्मा करायचाय?"

हिने सगळं सांगितलं. फक्त अर्धा तास, गुरुवारी चारला. तुला काही खोटं बोलावं लागणार नाही, नुसतं बसायचं. मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी नाही येणार."

"तीन मुलांचा प्रश्न आहे गं."

"माहीताय. मी त्यातलीच एक होते की." तिने रस्त्याकडे बघितलं. "मॅडम, पहिल्या वर्षीचं माझं पत्र तुम्हाला आठवतंय? माझं, मी लिहिलेलं? त्यात मी लिहिलं होतं की वेतन वर्षातले दहाच महिने मिळतं. उन्हाळ्याचे दोन महिने काही नाही. खोलीवाला तर बारा महिन्यांचं भाडं घेतो. मला वाटलं, त्यांना हे ठाऊकच नसेल. ठाऊक असतं तर त्यांनी केलं असतं काहीतरी."

"आभारपत्रात तसं लिहीत नाहीत."

"हो का? मला कुणी सांगितलं नाही. मी वाट बघत बसले. दुसरा उन्हाळा आला तेव्हा मला वाटलं, वाचलं आणि सोडून दिलं. श्रीमंत माणूस, त्याला काय. दोन महिने शिकवण्या, एका मैत्रिणीच्या घरी जमिनीवर झोपायचं. तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे सही करायला आले ना, तेव्हा फाईलमध्ये पहिल्या पत्राची प्रत बघितली. ती ओळच नव्हती त्यात." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि पत्र काय सुंदर होतं हो. ती मुलगी किती सुखी होती तुमच्या पत्रातली. खिडकीत बसते काय, म्हाताऱ्या तिला गाऊन दाखवतात काय. मला वाटायला लागलं, खरी संशोधक अशी असते. मी आपली भाड्याचा हिशेब करतेय म्हणजे माझ्यातच खोट आहे. यंदा उन्हाळ्यात इथे लागले, दोन महिन्यांपुरती. उन्हाळा संपला. मी परत आले नाही." आतून कुणीतरी हाक मारली. "येते," ती म्हणाली. ते हिला होतं की आतल्याला, कळलं नाही.

ती ओळ हिला आठवत होती. दुकानापासून बसस्टॉपपर्यंत शब्दान् शब्द आठवत गेली. काढताना हिने विचार केला होता असंही म्हणता येईना. हात सवयीने गेला होता. देणाऱ्यापुढे कधी कुरकुर करायची नाही, त्याच्या घासात खडा येऊ द्यायचा नाही, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि ओळ काढल्यावर जोड दिसू नये म्हणून पुढच्या वाक्यातला "पण" काढून तिथे "आणि" घातला होता. तो "आणि" किती चपखल बसला याचा केवढा आनंद झाला होता! समासात दुसऱ्यांनी लिहिलेले चार शब्द सापडावेत म्हणून जिने कधी काळी जन्म द्यायची तयारी केली होती, तिने एका मुलीची ओळ पुसली. तीही अशी पुसली की कुणाला कधी सापडू नये. आई गेली तेव्हा ती रडली नव्हती, सगळे म्हणाले खंबीर आहे. आता भर रस्त्यात, एका बंद बँकेच्या पायरीवर बसून, ती रडली. येणारेजाणारे थोडं वळसा घालून जात होते.

गुरुवारी तीन वाजता फाटकापाशी इतिहासातली उंच मुलगी तयार उभी होती. हातात पत्रांच्या प्रती, त्यावर पिवळ्या शाईने खुणा. "मॅडम, त्या आजीबाईचं गाव कुठलं सांगायचं? ते पत्रात नाहीये."

"काही सांगायचं नाही. तू लायब्ररीत जा."

"पण साहेब म्हणाले..."

"साहेबांना मी सांगते. जा बाळा. तुझं काम कर." मुलगी सुटल्यासारखी गेली. ही फाटकाबाहेर पडली. आपण तीन मुलांच्या तोंडचा घास घालवायला निघालोय, हे लख्ख दिसत होतं. पण दुसरं काही करता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, साहेब म्हणतात ते अगदी सहज करता आलं असतं, आणि तेच आता तिला जमेना.

काकांनी दार स्वतः उघडलं. कडक इस्त्रीचा सदरा, ताजी दाढी, हनुवटीवर कापल्याची एक बारीक रेघ. टेबलावर तीन कप, बिस्किटांची बशी, आणि एक जाड पुठ्ठ्याची फाईल. त्यांनी तिच्या मागे जिन्याकडे बघितलं. "मुलगी?"

"नाही आली काका. मी तुम्हाला काही सांगायला आलेय."

बसल्या बसल्या तिने सांगितलं. थांबली असती तर सांगूच शकली नसती. मुलगी सहा महिन्यांपूर्वी गेली. यंदाचं पत्र मी लिहिलं. गेल्या वर्षीचंही. त्याच्या आधीचंही जवळजवळ सगळं. काका कानातलं यंत्र बोटाने दाबून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही.

"ती म्हातारी," ते शेवटी म्हणाले. "पुढचं कडवं येत नाही म्हणणारी. ती तरी खरी ना?"

"नाही."

ते खिडकीकडे बघत राहिले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टुकटुक आवाज येत होता. "ताई मला झोपवताना जे म्हणायची त्याचं मला एकच कडवं येतं," काका म्हणाले. "सत्तर वर्षं मला वाटत होतं, मी बाकीचं विसरलो. तिने एवढं केलं आणि मी विसरलो. ते पत्र आलं तेव्हा मला कळलं, विसरलो नाही. झोपलो होतो." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "आता ते कुठे ठेवू मी?"

"काका, अजून एक आहे," ती म्हणाली, आणि पर्समधून पहिल्या वर्षीचा कागद काढला. मुलीच्या हातचा, मूळ. ओळीखाली बोट धरून तिने वाचलं. "'आपण देता ते वेतन दहा महिने पुरतं. उरलेल्या दोन महिन्यांत मी कुठे राहावं हे मला समजत नाही, आणि आपल्याला हे माहीत नसावं असं वाटतं म्हणून लिहिते, तक्रार म्हणून नाही.' ही ओळ मी काढली होती."

"दहाच महिने?" काका म्हणाले. "हे ठरवलं कुणी?"

"नियम आहे. वर्ग दहा महिने चालतात म्हणून."

"आणि दोन महिने पोरांनी खायचं काय?" आता मात्र त्यांचा आवाज चढला. "मला विचारलं असतंत तर पहिल्याच वर्षी बाराच्या बारा दिले असते. ही एवढी एक ओळ! अहो, आयुष्यभर मी काटे विकले. आहे तेवढंच दाखवायचं, छटाकभर जास्त नाही, कमी नाही. आणि तुम्ही मला..." ते थांबले. धाप लागली होती. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. जरा वेळाने ते हळू म्हणाले, "मला वाटलं होतं, वर्षातून एकदा का होईना, कुणीतरी मला लिहितंय."

"लिहीत होतं काका," ती म्हणाली.

चहा कुणीच ओतला नाही. मग त्यांनी फाईल उचलली आणि पलीकडच्या खुर्चीवर ठेवली, तिचा हात पोचणार नाही अशी. "कायमचं करतो," ते म्हणाले. "तिघांचं, बारा महिन्यांचं. तसं कागदावर लिहून घ्या, वकिलाकडे पाठवा. आणि पत्रं बंद."

"विद्यार्थ्यांची?"

"सगळ्यांची. मुलांना अभ्यास करू दे. आणि काही कमी पडलं तर फोन करून सांगा, कमी पडतंय म्हणून. तेवढंच सांगा. तुम्ही स्वतः लिहायचं नाही, बाई. एक ओळसुद्धा नाही." दारापर्यंत ते आले. जिन्याचा दिवा त्यांनी लावला, आणि ती पहिल्या वळणावर पोचायच्या आत दार लागलं.

रस्त्यावर आली तेव्हा साडेपाचही झाले नव्हते. मोठं काम झालं होतं. बावीस वर्षांत एवढं झालं नव्हतं. बारा महिने! यापुढे कुठलीही मुलगी उन्हाळ्यात मैत्रिणीच्या जमिनीवर झोपणार नव्हती. तिने साहेबांना फोन लावला. "मिळालं ना? उत्तम," ते म्हणाले, "बाकीचं उद्या." चष्म्याच्या दुकानात लावला. मुलगी म्हणाली, "बरं झालं मॅडम. खरंच." परत येशील का, हे हिच्या ओठांवर आलं होतं. "गिऱ्हाईक आहे," मुलगी म्हणाली, "ठेवते हं." भावाला लावायचा तर आज रविवार नव्हता, काय झालं म्हणून तो उगाच घाबरला असता. ती फोन हातात धरून उभी राहिली. सांगण्यासारखं तर किती होतं. हनुवटीवरची ती कापल्याची रेघ, न ओतलेला चहा, गाडीचा टुकटुक आवाज, आणि दार लागलं तेव्हा आपण वळणावर नुसत्याच कशा थांबलो ते. शब्द आपोआप जुळत होते, एकामागे एक, पहिलं वाक्य तर तयारच झालं होतं. हे सगळं नीट, सविस्तर लिहून कळवावं असा तिला या जगात एकच माणूस होता, आणि त्याच्याच घरातून ती आत्ता उतरली होती.